माजी सैनिक रस्त्यावर कसा येतो?

मुक्ता

यंदा जानेवारीत सॅन डिएगोमध्ये बेघरांच्या वार्षिक गणतीला स्वयंसेवक म्हणून गेले होते. पहाटे चारला जमायचं, वाटून दिलेल्या गल्ल्या पायी फिरायच्या, जो जागा असेल आणि बोलायला तयार असेल त्याला फोनवरच्या ॲपमधले प्रश्न विचारायचे, निघताना मोज्यांचा एक जोड हातात द्यायचा. इम्पीरियल ॲव्हेन्यूच्या कडेला एक माणूस पुठ्ठ्यावर बसून बूट चढवत होता. साठीचा असावा. लेस बांधून झाल्यावर त्याने दोन्ही टोकं बुटाच्या आत खोचली, दोन्ही पायांची अगदी सारखी. शेजारी ब्लँकेटची घडी होती, कडेला कड जुळवलेली. अंधारात, फुटपाथवर.

आमच्या गटातल्या मुलाने विचारलं, "तुम्ही व्हेटरन आहात का?" तो म्हणाला, "नाही." प्रशिक्षणात आम्हाला बजावलं होतं की हा प्रश्न असा विचारायचा नाही, "कधी सैन्यात नोकरी केली आहे का?" असं विचारायचं. मी तसं विचारलं. "हो. साडेतीन वर्षं, आर्मी." मग व्हेटरन का नाही म्हणालात? तर म्हणाला, "मी लढाईवर गेलो नाही. व्हेटरन म्हणजे ते लोक. आणि माझा कागदही चांगला नाही."

ही वाक्यं तेव्हापासून डोक्यात घोळताहेत. माझ्या मनात याचं एक तयार चित्र होतं: युद्ध, मनावर आघात, दारू, रस्ता. हा माणूस त्यात बसेना. म्हणून आकडे काढून बसले. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याच्या गणतीत २०१० साली एका रात्रीत ७४,०८७ माजी सैनिक बेघर होते. २०२४ मध्ये ३२,८८२. निम्म्याहून कमी! आणि त्याच २०२४ मध्ये देशातल्या एकूण बेघरांचा आकडा वर्षभरात १८ टक्क्यांनी वाढून ७,७१,४८० झाला होता. भाडी तीच, शहरं तीच, दारूची दुकानं तीच. मधल्या काळात इराक आणि अफगाणिस्तानातून लाखो लोक परत आले, तरी आकडा उतरला. मग कारण माणसाच्या आत शोधायचं की बाहेर?

समाजशास्त्र शिकलेले, या क्षेत्रात काम करणारे, घरात कोणी सैन्यात असलेले, सगळ्यांनी लिहा.

शर्वरी

मुक्ता, तुला भेटलेला माणूस अपवाद नाही. अभ्यासकांना तीस वर्षांपूर्वी नेमका असाच माणूस सापडला होता.

१९९४ मध्ये रॉबर्ट रोझेनहेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेघर पुरुषांमधल्या माजी सैनिकांचं प्रमाण वयोगटानुसार तपासलं. तेव्हा सगळ्यांची समजूत अशी होती की व्हिएतनाममध्ये लढलेली पिढीच रस्त्यावर सर्वांत जास्त असणार. निघालं उलटं. समवयस्क नागरिकांच्या तुलनेत बेघर होण्याचा धोका सर्वांत जास्त होता तो व्हिएतनामनंतर भरती झालेल्या तरुणांना, ज्यांनी मोठं युद्ध पाहिलंच नव्हतं.

याचा उलगडा भरतीच्या पद्धतीत आहे. १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली. तोवर सैन्यात सगळ्या थरांतली मुलं येत होती, निदान काही प्रमाणात तरी. नंतर पगारावर स्वेच्छेने येणारे आले, आणि सुरुवातीची काही वर्षं सैन्याला माणसं मिळत नव्हती, तेव्हा शाळा अर्धवट सोडलेली, घरची विस्कटलेली, दुसरीकडे काम न मिळणारी मुलं मोठ्या संख्येने घेतली गेली. म्हणजे सैन्यात जाण्याआधीच ज्यांच्या पायाखालची जमीन भुसभुशीत होती, ते चार वर्षं पक्क्या जमिनीवर उभे राहिले आणि पुन्हा तिथेच परतले.

त्याच वर्षी व्हिएतनाम पिढीवरचा त्यांचा दुसरा अभ्यास आला. त्यात बेघर होण्याशी थेट जोडलेल्या गोष्टी होत्या मानसिक आजार, व्यसन आणि सुटून आल्यानंतरचं एकटेपण: लग्न नाही किंवा मोडलेलं, आधाराला माणूस नाही. लढाईचा अनुभव थेट कारण ठरला नाही. तो या बाकीच्या गोष्टींमधून वाट काढत परिणाम करत होता.

मला त्यातला एकटेपणाचा धागा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समाजशास्त्रज्ञ एर्विंग गॉफमनने 'संपूर्ण संस्था' अशी कल्पना मांडली: जिथे झोप, जेवण, काम, सोबत, शिस्त सगळं एकाच छताखाली आणि एकाच सत्तेखाली चालतं. त्याच्या उदाहरणांत तुरुंग, मनोरुग्णालयं आणि मठ यांच्यासोबत लष्करी बराकही आहे. अठराव्या वर्षी आत गेलेल्या मुलाने घरभाड्याचा करार कधी वाचलेला नसतो, विजेचं बिल भरलेलं नसतं, डॉक्टरची वेळ स्वतः घेतलेली नसते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो कोण आहे हे त्याला रोज सकाळी कोणीतरी सांगत असतं. दरवर्षी सुमारे दोन लाख लोक या संस्थेतून बाहेर पडतात. निघण्याआधी त्यांना एक सक्तीचा कार्यक्रम असतो, त्यात अर्ज, मुलाखत, सवलती सगळं शिकवतात. पलटण कशी मिळवायची हे मात्र कोणी शिकवू शकत नाही.

विनय७२

लेख आणि शर्वरींचा प्रतिसाद दोन्ही मनापासून वाचले. तरी एक शंका मांडतो, राग नसावा.

मी गोदामाच्या कामावर माणसं घेतो. गेल्या दहा वर्षांत चार-पाच माजी सैनिक माझ्या हाताखाली होते. त्यातले तिघे असे की माझ्यापेक्षा चांगलं गोदाम चालवतील. एक मात्र तीन वेळा दारू पिऊन आला. तीनदा सांभाळून घेतला, चौथ्यांदा काढावा लागला. नंतर तो गाडीत राहतो असं कळलं. तेव्हापासून मनात टोचणी आहे, पण मी काय करायला हवं होतं? सैन्य तेच, शिक्षण तेच, पगार तोच. तिघे उभे राहिले, एक पडला. हा फरक माणसातलाच नाही का? सगळं समाजाच्या खात्यावर टाकलं की माणसाच्या हातात काहीच उरत नाही, आणि सैनिकाला तर ते मुळीच आवडणार नाही.

उत्तरा

विनयदादा, मी परिचारिका आहे, व्यसनमुक्तीच्या वॉर्डात अकरा वर्षं काढली. तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तुम्ही तीनदा सांभाळून घेतलंत हे पुष्कळ आहे.

दोन वेगळे प्रश्न आहेत इतकंच म्हणेन. चौघांतला कोण पडणार, हे बऱ्याच अंशी त्या माणसावर असतं. पण चौघांतला एक पडतो की तीन, आणि पडलेला कुठे जाऊन आदळतो, हे त्याच्यावर नसतं. दारू पिणारी माणसं घरांमध्येही भरपूर आहेत. त्यांची नोकरी जाते तेव्हा बायकोचा पगार असतो, भावाच्या घरी खोली असते, शहरात भाडं परवडणारं असतं. हे तीन आधार काढून घ्या आणि मग तीच बाटली माणसाला रस्त्यावर आणते.

आणि क्रमही बघा. आधी दारू सोड, मग घर देऊ, अशीच पद्धत पूर्वी होती. मी त्या पद्धतीतही काम केलंय. माणूस तीस दिवस कोरडा राहायचा, आम्ही टाळ्या वाजवायचो, आणि एकतिसाव्या दिवशी तो पुन्हा त्याच फुटपाथवर त्याच सोबत्यांमध्ये. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी उलटा क्रम लावून पाहिला: आधी कुलूप-किल्ली असलेलं घर, मग उपचार, आणि उपचाराची सक्ती नाही. बहुतेक लोक घरात टिकले. माजी सैनिकांच्या योजनांनी हाच क्रम उचलला. रात्री झोप लागणाऱ्या माणसाशी बोलणं वेगळं असतं हो. तीन रात्री जागलेल्या माणसाला मी औषधाची वेळ समजावते तेव्हा माझं मलाच वाईट वाटतं.

स्त्रियांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. बेघर माजी सैनिकांत साधारण दहात एक स्त्री. पण हा आकडा खरा किती, याची मला शंका आहे, कारण बायका रस्त्यावर झोपत नाहीत, झोपूच शकत नाहीत. मैत्रिणीच्या सोफ्यावर, गाडीत, जो मारतो त्याच माणसाच्या घरात राहतात. गणतीच्या रात्री त्या कोणाला दिसत नाहीत. त्यात अनेकींवर सैन्यातच आपल्याच लोकांकडून लैंगिक अत्याचार झालेला असतो. अशा बाईला पुरुषांनी भरलेल्या, लष्करी झेंडे लावलेल्या निवारा केंद्रात जा म्हणणं म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. "व्हेटरन आहेस का" म्हटलं की नाही म्हणणाऱ्यांत बायकाच जास्त.

ओवी

उत्तराताई, +१. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

सह्याद्रीचा_वारा

माझे सासरे व्हिएतनामला होते. बायको अमेरिकन आहे, तिच्याकडून ऐकलेलं आणि थोडं पाहिलेलं लिहितो.

ते १९७० च्या सुमारास परत आले आणि पुढची सहा-सात वर्षं गॅरेजमध्ये झोपले. घरात पलंग होता, बायको होती, दोन मुली होत्या. ते गॅरेजच्या दाराला पाठ लावून लष्करी खाटेवर झोपायचे. सासूबाई रोज रात्री तिथे थर्मास आणि सकाळी धुतलेला शर्ट ठेवायच्या. कोणी विचारलं तर "त्यांना तिथे गार लागतं, बरं वाटतं" एवढंच म्हणायच्या. नोकऱ्या आठ-नऊ झाल्या असतील. घराचा हप्ता मात्र सासूबाईंच्या शाळेतल्या पगारावर चालू होता, आणि ते कर्ज सैनिकांसाठीच्या सरकारी हमीवर मिळालेलं होतं, कमी व्याजाचं.

शर्वरींचं वाचलं आणि वाटलं, आमच्या घरातली ती खाट आणि फुटपाथवरचा पुठ्ठा यांत अंतर किती? एक बाई आणि एक गृहकर्ज. आतून दोन्ही माणसं सारखीच असतील. सासूबाई अर्ध्यावर दमल्या असत्या तर कोणी त्यांना दोष दिला नसता.

अनिरुद्ध_के

सह्याद्री, तुम्ही गृहकर्जाचा उल्लेख केलात म्हणून इतिहास मांडतो. लांबेल, पण हे ठाऊक असल्याशिवाय आजचे आकडे समजत नाहीत.

पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना १९२४ च्या कायद्याने बोनस जाहीर झाला: देशातल्या सेवेचा दिवसाला एक डॉलर, परदेशातल्या सेवेचा सव्वा डॉलर. पण बहुतेकांना रोख मिळाली नाही, प्रमाणपत्रं मिळाली, आणि ती वटणार होती १९४५ मध्ये. मध्ये महामंदी आली. १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक बायकापोरांसह वॉशिंग्टनला धडकले, आता पैसे द्या म्हणून. ॲनाकोस्टिया नदीकाठच्या चिखलात त्यांनी पत्रे, खोकी, मोडक्या गाड्या यांची वस्ती उभी केली. गल्ल्यांना नावं, पहारे, सकाळची हजेरी, सगळं लष्करी शिस्तीत. आणि दक्षिणेतल्या वर्णभेदी कायद्यांच्या त्या काळात तिथे काळे-गोरे शेजारीशेजारी राहत होते. २८ जुलैला लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन आले. वस्ती जळाली. देशाच्या सैन्याने देशाच्याच माजी सैनिकांना हुसकावून लावलं. बोनस शेवटी १९३६ मध्ये दिला गेला, तोही अध्यक्ष रूझवेल्ट यांचा नकाराधिकार संसदेने मोडून काढल्यावर.

ती आग राज्यकर्ते विसरले नाहीत. दीड कोटींच्या वर माणसं दुसऱ्या महायुद्धाहून परतणार होती. १९४४ चा जीआय बिल कायदा त्या भीतीतूनही आला: शिक्षण, बेकारी भत्ता आणि हमीचं गृहकर्ज. १९५२ पर्यंत सुमारे २४ लाख गृहकर्जांना सरकारने हमी दिली. अमेरिकेतला मध्यमवर्ग उभा राहिला त्यात या कायद्याचा वाटा फार मोठा आहे.

पण हमी सरकारची असली तरी कर्ज देणारी होती स्थानिक बँक. मिसिसिपी राज्यातल्या तेरा शहरांची १९४७ ची पाहणी उपलब्ध आहे. हमी मिळालेली कर्जं ३,२२९. त्यात काळ्या माजी सैनिकांना मिळालेली किती? दोन. दोनशे नाही, दोन.

घर म्हणजे नुसतं छप्पर नव्हे, ते मुलांच्या शिक्षणाचं तारण असतं, नातवाला वाईट दिवस आले तर परत येण्याची जागा असते. १९४७ ला जे घर मिळालं नाही ते १९८७ ला आणि २०१७ ला देखील मिळालेलं नसतं. आज माजी सैनिकांत काळ्यांचं प्रमाण साधारण १२ टक्के आहे आणि बेघर माजी सैनिकांत जवळपास एक तृतीयांश. व्यक्तीच्या स्वभावातून हा फरक कसा निघेल, विनयराव, तुम्हीच सांगा.

मुक्ता, तुझ्या माणसाच्या "चांगला नसलेल्या कागदा"लाही असाच इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात 'निळा डिस्चार्ज' म्हणून प्रकार होता. निळ्या कागदावर छापलेला, ना सन्मानाचा ना अपमानाचा. डिसेंबर १९४१ ते जून १९४५ मध्ये आर्मीने असे ४८,६०३ दिले. त्यांतले १०,८०६ काळ्या सैनिकांना, म्हणजे २२ टक्के, जेव्हा आर्मीत ते साडेसहा टक्के होते. समलिंगी असल्याच्या संशयावरूनही असंख्य लोकांना हाच कागद देऊन काढलं. कायद्यात फक्त 'अपमानास्पद' डिस्चार्जवाल्यांना वगळायचं होतं, पण माजी सैनिकांच्या खात्याने निळ्या कागदवाल्यांनाही सवलती नाकारल्या. नोकरी देणारेही कागदाचा रंग बघत. १९४७ मध्ये निळा कागद बंद झाला, त्याच्या जागी दुसऱ्या नावांचे कागद आले.

विनय७२

अनिरुद्ध, दोन हा आकडा वाचून थांबलो. माझा मुद्दा चौघांतल्या एकाचा होता. तो चौघांपुरता ठीक आहे, उत्तराताईंनी म्हटलं तसा. देशाला तो लावता येत नाही, हे मान्य.

मुक्ता

सगळ्यांचे आभार. कागदाबद्दल मी आणखी शोधलं, ते लिहिते.

सैन्यातून सुटताना मिळतो तो डीडी-२१४. त्यात सेवेचा शेरा असतो: ऑनरेबल, जनरल, अदर दॅन ऑनरेबल आणि त्याखालचे लष्करी न्यायालयाच्या शिक्षेतून येणारे. यांतला 'अदर दॅन ऑनरेबल' खटल्याशिवाय, प्रशासकीय निर्णयाने देता येतो. कारणं बहुतेकदा गैरहजेरी, भांडण, गांजा, वरिष्ठांशी उद्धटपणा. ज्याला रात्री झोप लागत नाही, जो दचकतो, जो भडकतो, तो नेमक्या याच गोष्टी करतो. म्हणजे आजाराची लक्षणं शिस्तभंग म्हणून नोंदवली जातात, त्या नोंदीवर कागद मिळतो, आणि त्या कागदामुळे आजाराचा उपचार मिळत नाही. समलिंगी असल्याचं उघड करू नका, आम्हीही विचारणार नाही, या धोरणाखाली १९९४ ते २०११ मध्ये काढलेले तेरा हजारांहून जास्त लोक आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांचा शेरा चांगला असला तरी कागदावर काढण्याचं कारण लिहिलेलं, जे प्रत्येक मालकाला दाखवायचं.

आता मुख्य प्रश्न. जी मदत आकडा खाली आणते ती हड-व्हॅश नावाची जोड-योजना आहे. सुरुवात १९९२ ची, पण खरा जोर २००८ पासून. गृहनिर्माण खातं भाड्याचं व्हाउचर देतं, माजी सैनिकांचं खातं केसवर्कर देतं. भाडेकरू आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरतो, उरलेलं व्हाउचर. 'अदर दॅन ऑनरेबल'वाल्यांना ही दारं २०२१ मध्ये कायदा बदलून उघडली. म्हणजे तो माणूस साडेतीन वर्षांच्या नोकरीनंतर कित्येक वर्षं यादीबाहेरच होता, आणि आता यादीत आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. "मी व्हेटरन नाही" हे त्याचं उत्तर त्याला व्यवस्थेनेच शिकवलेलं आहे.

ललित_एलए

लॉस एंजेलिसची गोष्ट यात यायलाच हवी.

वेस्ट एलएमध्ये माजी सैनिकांच्या खात्याची ३८८ एकर जागा आहे. १८८८ मध्ये अपंग सैनिकांच्या आश्रमासाठी दान मिळालेली. एके काळी तिथे हजारो सैनिक राहत, स्वतःचं टपाल कार्यालय, चर्च, ट्रॉलीची गाडी होती. पुढे निवास आटत गेला आणि जमिनीचे तुकडे भाड्याने गेले: विद्यापीठाचं बेसबॉल मैदान, खासगी शाळेची क्रीडांगणं, पार्किंग, तेलविहीर. २०२० आणि २०२१ मध्ये याच आवाराच्या कुंपणाबाहेर, सॅन व्हिसेंटे बुलेव्हार्डवर, माजी सैनिकांचे तंबू होते. मी रोज तिथून कामाला जायचो. एकसारख्या आकाराचे तंबू, सरळ ओळीत, प्रत्येकावर मोठा अमेरिकन झेंडा. कोणीतरी रोज सकाळी फुटपाथ झाडायचं. कुंपणाच्या आत हिरवंगार मैदान, बाहेर ही ओळ.

२०११ मध्ये खटला, २०१५ मध्ये तडजोड, १,२०० घरांचं आश्वासन, घरं रखडली, २०२२ मध्ये पुन्हा खटला. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी ते भाडेकरार बेकायदा ठरवले आणि १,८०० कायमची व ७५० तात्पुरती घरं बांधायला सांगितलं. वरच्या न्यायालयात पुढे चालू राहिलं.

यातली एक बाब मला सर्वांत जास्त खटकते. काही इमारतींना निधी देताना अट होती की भाडेकरू अत्यल्प उत्पन्नाचा असावा. आणि अपंगत्वाचा भत्ता उत्पन्न म्हणून धरला जायचा. पूर्ण अपंगत्व असेल तर २०२४ मध्ये महिन्याला ३,७०० डॉलरच्या वर मिळत. झालं, तो या घरासाठी 'श्रीमंत'! जितकी जखम मोठी, तितका घराबाहेर. ऑगस्ट २०२४ मध्ये गृहनिर्माण खात्याने हा नियम बदलला. इतकी वर्षं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं असं नाही. दुरुस्त करणं कोणाच्याच कामात येत नव्हतं.

शर्वरी

ललित, तुझ्या तंबूंच्या ओळीवरून आठवलं, सॅन डिएगोमध्येच १९८८ साली व्हिएतनामच्या माजी सैनिकांनी 'स्टँड डाउन' सुरू केलं. आघाडीवरून तुकडीला मागे घेऊन अंघोळ, गरम जेवण, झोप देतात त्याला सैन्यात हा शब्द आहे. तीन दिवस मैदानावर तंबू, केस कापणं, दात तपासणं, कपडे, वकील. दुसऱ्या वर्षी तिथे न्यायालयच भरवलं, कारण फुटपाथवर झोपल्याबद्दलचे दंड थकून वॉरंट निघालेलं असलं की ना नोकरी ना घर. बेघरांसाठीचं देशातलं ते पहिलं न्यायालय. हे यशस्वी का झालं? त्या लोकांना 'लाभार्थी' म्हणून बोलावलं नव्हतं, तुकडी म्हणून बोलावलं होतं. एकटेपण हेच थेट कारण असेल तर उपाय तिथूनच सुरू होणार. बफलोमध्ये २००८ पासून माजी सैनिकांचं वेगळं न्यायालय आहे, तिथेही आरोपीशेजारी दुसरा माजी सैनिक उभा राहतो.

आता मला अवघड वाटणारा मुद्दा. मुक्ताने सुरुवातीला विचारलं की आकडा उतरला कसा. व्हाउचर एक लाखाच्या वर वाटली गेली, केसवर्कर दिले, २०१० मध्ये संघराज्य सरकारने पाच वर्षांत हे संपवायचं लक्ष्य जाहीर केलं, न्यू ऑर्लिन्स आणि ह्यूस्टन या शहरांनी २०१५ मध्ये माजी सैनिकांपुरतं ते जवळपास गाठलं. आज प्रौढ बेघरांत माजी सैनिक वीसात एक आहेत, आणि देशातल्या प्रौढांत त्यांचं प्रमाण सुमारे सहा टक्के, म्हणजे आता ते प्रमाणाबाहेर नाहीत. हे फार मोठं यश आहे, आणि कसं करायचं हे माहीत आहे याचा पुरावा आहे.

मग बाकीच्या सात लाखांना तेच का नाही? 'लायक गरीब' आणि 'नालायक गरीब' ही विभागणी फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८२४ चा भटक्यांविरुद्धचा कायदा नेपोलियनच्या युद्धांनंतर आला, तेव्हा भीक मागणाऱ्यांत सुटलेले सैनिक आणि खलाशी पुष्कळ होते. त्या कायद्याने उघड्यावर झोपणं गुन्हा ठरवलं. म्हणजे तेव्हा सैनिकही नालायकांच्या रांगेत होता! आज तो लायकांच्या रांगेत आलाय, याचा आनंद आहे. रांगा मात्र तशाच आहेत. आणि त्या रांगेतही कागदाचा रंग पाहून आणखी एक रांग.

न्यूयॉर्कमध्ये निवाऱ्याचा हक्क ज्या खटल्याने मिळाला, त्यातला वादी रॉबर्ट कॅलाहन कोरियन युद्धातला सैनिक होता. १९७९ मध्ये दावा दाखल झाला, १९८१ मध्ये करार झाला. तो करार सगळ्या बेघर पुरुषांसाठी होता, नुसत्या सैनिकांसाठी नव्हता. कॅलाहन स्वतः त्याआधीच न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मरण पावला.

सह्याद्रीचा_वारा

शर्वरी, हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाबांना कोणी नायक म्हटलं की ते खोलीतून उठून जायचे. आपल्या जागी शेजारचा टॉमेटो विकणारा म्हातारा असता तरी त्याला घर मिळायला हवं असं म्हणायचे.

एस्कॉन्डिडोचे_काका

मंडळी, मी सत्तरीचा आहे, एवढं समाजशास्त्र कळत नाही. पण माझ्या मालकीचं एक जोडघर आहे, त्यातला एक भाग भाड्याने देतो, तेव्हा दुसऱ्या बाजूचं थोडं सांगतो.

व्हाउचरवाला भाडेकरू नको असं मीही म्हणत आलो. कॅलिफोर्नियात २०२० पासून केवळ व्हाउचर आहे म्हणून नाकारणं बेकायदा आहे, हे माहीत होतं. तरी घरमालकाला शंभर वाटा असतात: फोन उचलायचा नाही, क्रेडिट स्कोअर मागायचा, "कालच गेलं" म्हणायचं. मी हे केलंय, आज लिहून टाकतो. कारण एकच, तपासणीला वेळ लागतो आणि तेवढे दिवस घर रिकामं राहतं. माझ्या हातात व्हाउचर असतं आणि घर मिळत नसतं, तर काय वाटलं असतं, हा विचार कधी केला नाही.

मे अखेरीस माझा भाडेकरू जातोय. दोन खोल्या, तळमजला, बस समोर. मुक्ता बेटा, कोणाला फोन करायचा असतो?

मुक्ता

काका, तुमच्या भागातल्या गृहनिर्माण प्राधिकरणात व्हाउचर विभाग असतो, तिथे "हड-व्हॅशसाठी घर द्यायचं आहे" एवढं सांगा. तपासणीची यादी आधीच मागून घ्या: धुराची सूचक यंत्रं, खिडक्यांच्या कड्या, गिझरचा व्हॉल्व्ह, रंगाचे पोपडे. ते आधीच नीट करून ठेवलं की बहुधा पहिल्या फेरीत काम होतं. घर राखून ठेवल्याबद्दल घरमालकाला काही ठिकाणी रक्कमही देतात, तेही विचारा. आणि भाडेकरूच्या केसवर्करचा नंबर पहिल्याच दिवशी घ्या. काही अडलं तर आधी त्यालाच फोन, हा या योजनेतला तुमच्या बाजूचा आधार.

त्या माणसाबद्दल दोघातिघांनी व्यक्तिगत संदेशात विचारलं, म्हणून लिहिते. मी नंतर तीनदा गेले. दोनदा दिसला नाही. तिसऱ्यांदा ट्रॉलीच्या थांब्यापाशी भेटला. कागद सुधारून घेण्याचा अर्ज असतो, सुटून पंधरा वर्षं झाली असतील तर तो लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाकडे जातो, आणि तो निकाल लागेपर्यंतही घराच्या योजनेसाठी विचार होऊ शकतो, हे मी त्याला सांगितलं. त्याने बराच वेळ काही म्हटलं नाही. मग पाठपिशवीच्या तळातून प्लास्टिकच्या पिशवीत, त्यात आणखी एका पिशवीत ठेवलेला डीडी-२१४ काढला. घडीवर फाटायला आलेला, पण कोरडा. इतकी वर्षं ज्या कागदाने त्याचं नुकसान केलं, तो त्याने पावसापाण्यातून असा जपून ठेवला होता.

मला फोटो काढू दिला. सोमवारी त्याला घेऊन कायदा मदत केंद्रात जायचं ठरलंय, सकाळी नऊला. तो म्हणाला, पावणेनऊला येईन.